दोन सिस्टीम, एकच डिस्क

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अपडेट्स थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीपुढचा लागतो. त्यामुळे स्क्रीन, कीबोर्ड, डिस्क सगळं धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप एका तारखेने म्हातारे ठरले. भंगारात द्यायला जीव होत नाही, नवा घ्यायला खिसा राजी नसतो. अशा वेळी घरातला किंवा ऑफिसातला कोणीतरी जाणता सांगतो, ‘लिनक्स टाकून घे, विंडोज राहू दे बाजूला.’ विंडोज बाजूला राहू द्यायची कारणंही आपल्याकडे ठरलेली असतात. हिशेब टॅलीत असतात. डीटीपीवाल्याच्या कितीतरी वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल आणि दिवाळी अंकांची पानं श्रीलिपीच्या नाहीतर आयएसएमच्या जुन्या फाँटांत अडकलेली असतात. ती तिथून हलवायची म्हणजे पुन्हा टाइप करून घेण्याइतकी कटकट. तेव्हा एकाच संगणकात दोन ऑपरेटिंग सिस्टीम येतात आणि त्यांच्या मागोमाग एक प्रश्न येतो: विंडोजमध्ये व्हायरस शिरला तर लिनक्सलाही लागेल का?

‘सहसा नाही’ हे उत्तर बरोबर आहे, पण त्याचा फारसा उपयोग नाही. व्हायरस म्हणजे शेवटी प्रोग्रॅमच. विंडोजसाठी बनवलेली ईएक्सई फाइल लिनक्सला चालवता येत नाही, एवढाच त्या ‘नाही’चा आधार. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला खरं काळजीचं असतं ते त्याचे फोटो, त्याचे हिशेब आणि त्याचं बँकेचं खातं. ते वाचतं की नाही, हे व्हायरस कुठल्या सिस्टीमचा यावर कमी आणि दोन सिस्टीम आपसात काय काय वाटून घेतात यावर जास्त ठरतं. या पुस्तकाची पुढची सगळी प्रकरणं या एका मुद्द्याभोवती फिरतात. म्हणून इथे तो जरा सविस्तर मांडतो.

दुसरी सिस्टीम ठेवायचे प्रकार मोजकेच आहेत. डिस्कचे भाग पाडून दोन्ही बसवायच्या आणि संगणक सुरू करताना एक निवडायची, हे ड्युअल बूट. एका सिस्टीमच्या पोटात खिडकीत दुसरी चालवायची, ही व्हर्च्युअल मशीन. पेन ड्राइव्हवरून तेवढ्यापुरती चालवायची, ही लाइव्ह सिस्टीम. विंडोजच्या आतच लिनक्सच्या आज्ञा चालवणारी डब्ल्यूएसएल ही २०१६ पासूनची सोय चौथी म्हणता येईल. लोक या सगळ्यांना सरसकट ‘वेगळी सिस्टीम’ म्हणतात आणि इथेच गफलत सुरू होते, कारण वेगळेपण प्रत्येक ठिकाणी निराळ्या जातीचं आहे.

ड्युअल बूटमध्ये दोन सिस्टीमांच्या मध्ये भिंत नसते, वेळ असतो. गिरणगावातल्या चाळींत एकाच खोलीत दिवसपाळीचे आणि रात्रपाळीचे कामगार राहत. एक तुकडी कामावर गेली की दुसरी त्याच जागेत आडवी होई. गाठ पडत नसे, पण गेलेल्याची ट्रंक खोलीतच असे आणि तिची राखण फक्त तिचं कुलूप करी. डिस्कवरचा मामला नेमका असाच आहे. लिनक्स सुरू असतं तेव्हा विंडोज बंद असतं. म्हणजे त्याचा अँटीव्हायरस बंद, पासवर्डची खिडकी बंद, ‘ही फाइल उघडायची परवानगी तुम्हाला नाही’ असं सांगणारंही कोणी नाही. उरतात त्या नुसत्या फाइली. लिनक्सला विंडोजची एनटीएफएस पार्टिशन वाचता आणि लिहिता येते आणि सर्वसाधारण मांडणीत ते विंडोजच्या फाइल-परवानग्या जुमानत नाही. उलट बाजूने विंडोजला लिनक्सची ईएक्सटी४ पार्टिशन आपणहून वाचता येत नाही, म्हणून ती सुरक्षित वाटते. पण न दिसणं म्हणजे न पोचणं नव्हे. प्रशासकाचे अधिकार मिळवलेला प्रोग्रॅम फाइलींच्या खाली उतरून थेट डिस्कवर लिहू शकतो. तिथे विंडोजची पार्टिशन आणि लिनक्सची पार्टिशन हा भेद राहत नाही, सगळे सेक्टरच. आणि व्हायरसपर्यंत कशाला जायचं? लिनक्समध्ये ईएक्सटी४ करून घेतलेला पेन ड्राइव्ह विंडोजला लावला की ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ अशी सूचना येते. सवयीने ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाने जितकं नुकसान केलं असेल तितकं करायला बऱ्याच व्हायरसांना जमलेलं नसेल.

बंद सिस्टीम असहाय असते, या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि या विषयात मला सगळ्यांत रस आहे तो तिच्यात. सिस्टीम झोपली की तिच्यातला व्हायरसही झोपतो. चालू विंडोजमध्ये तो स्वतःला लपवू शकतो, अँटीव्हायरसला पाडू शकतो, पुसलेली फाइल पुन्हा आणून ठेवू शकतो. बाहेरून दुसरी सिस्टीम सुरू करून पाहिलं तर तो डिस्कवर पडलेली एक फाइल, यापलीकडे काही नसतो. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली क्नॉपिक्स आणलं. डिस्कला हात न लावता सीडीवरून अख्खं लिनक्स चालवणारी ही सिस्टीम दुरुस्ती करणाऱ्यांच्या बॅगेत जाऊन बसली ती याच गुणामुळे. आपल्याकडच्या पेन ड्राइव्हच्या साथी ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून परत आलेल्या ड्राइव्हवर सगळी फोल्डर्स गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट. विंडोजमध्ये त्या शॉर्टकटवर क्लिक केलं की संगणकालाही लागण. तोच ड्राइव्ह लिनक्समध्ये लावला की ‘लपवलेली’ फोल्डर्स उघडी दिसतात, कारण विंडोजची ती लपवाछपवीची खूण लिनक्स मानतच नाही. शेजारी एखादी विचित्र नावाची स्क्रिप्ट दिसते. ती पुसायची आणि शॉर्टकट पुसायचे, झालं. दुसऱ्या सिस्टीमचा व्हायरसविरोधी उपयोग विचाराल तर माझ्या मते हा पहिला आणि सर्वांत खरा. ‘लिनक्समध्ये बसून बिनधास्त कुठलीही साइट उघडा’ हा त्यामानाने फार खालचा.

दोन सिस्टीम वाटून घेतात त्यांतली सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे संगणक सुरू होण्याची. व्हायरसांचा इतिहासही बराचसा तिथूनच सुरू होतो. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसे आणि त्यात या दोघांची नावं, दुकानाचा पत्ता, फोन नंबर असं सगळं लिहिलेलं होतं. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला कुठे जातात ते पाहायला तो केला, असं त्यांचं म्हणणं. लाहोरच्या दोन दुकानदार भावांनी व्हायरस दिला आणि नव्वदच्या दशकात पुण्यात कैलास आणि संजय काटकर या दोन भावांच्या संगणक दुरुस्तीच्या धंद्यातून क्विक हील हा अँटीव्हायरस निघाला, हा योगायोग नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यात पार्टिशनांचा तक्ता ६४ बाइटांचा आणि बूटच्या कोडला जागा जेमतेम ४४६ बाइट. ड्युअल बूट करताना लिनक्सचा ग्रब नावाचा बूटलोडर आपला पहिला तुकडा ठेवतो तो इथेच आणि बूट व्हायरसला हवी असते तीही हीच जागा. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने जगभर जो हाहाकार केला त्यातही ही जागा होती. न्हावा-शेव्याला मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम त्या दिवसांत कोलमडलं आणि कंटेनर अडकून पडले, हे मुंबईच्या आयात-निर्यातवाल्यांना आठवत असेल. नॉटपेट्या बूटचा भाग स्वतःच्या कोडने भरी आणि संगणक पुन्हा सुरू झाला की डिस्क तपासत असल्याचं सोंग करत विंडोजची फाइलसूची कुलूपबंद करी. आता कल्पना करा की अशा संगणकावर ड्युअल बूट आहे आणि ग्रब त्याच जागेत आहे. लिनक्सला व्हायरस ‘लागला’ का? नाही. लिनक्स सुरू होईल का? तेही नाही. लिनक्समधल्या फाइली शाबूत असतील, पण त्यांच्यापर्यंत जायला पुन्हा पेन ड्राइव्हवरची लाइव्ह सिस्टीमच काढावी लागेल. वरचं ‘सहसा नाही’ हे उत्तर निरुपयोगी का, ते इथे कळतं.

नव्या संगणकांत ही व्यवस्था बदलली. युईएफआय फर्मवेअर आलं, बूटलोडर ठेवायला स्वतंत्र छोटी पार्टिशन आली आणि २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट घरोघर पोचलं. ज्या बूटलोडरवर मान्य सही नाही तो सुरूच होऊ द्यायचा नाही, असा नियम. प्रगती झाली यात शंका नाही, पण ती छोटी पार्टिशन एफएटी३२ प्रकारची असते, तिच्यात फाइलींना परवानग्या नसतात आणि दोन्ही सिस्टीमांचे बूटलोडर तिथे एकत्र राहतात. मार्च २०२३ मध्ये ईसेट या कंपनीने ब्लॅकलोटस या बूटकिटची, म्हणजे बूटच्या जागी बसणाऱ्या व्हायरसची, चिरफाड प्रसिद्ध केली. पूर्ण अपडेट केलेल्या विंडोज ११ वर, सिक्युअर बूट चालू असताना तो आत शिरत होता. युक्ती साधी होती. तो ज्या त्रुटीतून शिरे ती दुरुस्त झाली होती, पण मायक्रोसॉफ्टचीच सही असलेले जुने, त्रुटी असलेले बूट प्रोग्रॅम अजून रद्द झालेले नव्हते. ते आणून ठेवायचे आणि त्यांच्यातून आत घुसायचं. त्याआधी २०१८ मध्ये सापडलेला लोजॅक्स तर डिस्कवर राहतच नव्हता. तो मदरबोर्डवरच्या फर्मवेअरच्या चिपमध्ये राही, म्हणजे डिस्क बदलली तरी तो होताच. अशा ठिकाणी दुसरी, तिसरी, दहावी सिस्टीम बसवूनही उपयोग नाही.

मात्र घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. असले हल्ले सामान्य माणसावर क्वचित होतात. सामान्य ड्युअल बूटवाल्याचं बूट बिघडतं ते बहुधा हल्ल्याने नव्हे, उपायाने. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ग्रबच्या जुन्या, धोकादायक आवृत्त्या रोखणारं अपडेट सोडलं. ड्युअल बूटच्या संगणकांना ते लागू होणार नाही असं ठरलेलं होतं, तरी अनेकांना झालं आणि दुसऱ्या दिवशी लिनक्स निवडल्यावर काहीतरी गंभीर बिघडल्याची इंग्रजी ओळ दाखवून संगणक बंद पडू लागला. ती ओळ पाहून व्हायरसच आला असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

ड्युअल बूटमध्ये अशी ‘व्हायरस आला’ वाटायला लावणारी सोंगं पुष्कळ आहेत आणि एक पूर्ण प्रकरण त्यांच्यासाठी दिलं आहे. भारतातलं सगळ्यांत हमखास सोंग म्हणजे घड्याळ. लिनक्स संगणकाच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की वेळ नेमकी साडेपाच तास मागे. वेळ चुकली की बँकेच्या साइटची सुरक्षा प्रमाणपत्रंही कधीकधी कुरकुर करतात आणि संशय पक्का होतो. दुसरं सोंग फास्ट स्टार्टअपचं. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्स त्या पार्टिशनवर लिहायला नकार देतं आणि जबरदस्तीने लिहिलंच तर फाइली खराब होऊ शकतात. ही सोय पहिल्याच दिवशी बंद करावी.

आता व्हर्च्युअल मशीनकडे. इथे मात्र खरी भिंत आहे. आतली सिस्टीम ज्या डिस्कला डिस्क समजते ती बाहेरच्या सिस्टीमची एक मोठी फाइल असते. आत कितीही गोंधळ झाला तरी आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर परत जाता येतं. संशयास्पद फाइल उघडून पाहायची असेल तर ड्युअल बूटपेक्षा ही जागा कितीतरी पटींनी बरी. भिंतीला भोकं पडतात, नाही असं नाही. मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ नावाने प्रसिद्ध झालेली त्रुटी क्यूईएमयू या प्रोग्रॅमच्या नकली फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये सापडली. ती २००४ पासून तिथे होती आणि तिच्यातून आतला प्रोग्रॅम बाहेर पडू शकत होता. फ्लॉपी जगातून गेली तरी तिच्या नकलेने त्रास दिला. पण घरगुती वापरात भिंत फुटते ती अशा कसबाने नव्हे. आपणच दार ठेवतो म्हणून. आतून बाहेर फाइली नेणं सोपं जावं म्हणून शेअर्ड फोल्डर लावायचा, त्यात अख्खी डी ड्राइव्ह देऊन टाकायची आणि मग व्हर्च्युअल मशीन सुरक्षित असते असं म्हणायचं.

या शेअर्ड फोल्डरचा सगळ्यांत अस्सल वापर गुन्हेगारांनीच करून दाखवला. मे २०२० मध्ये सोफोस या कंपनीने उघड केलं की रॅग्नार लॉकर ही रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारी, टोळी बळीच्या संगणकावर गुपचूप व्हर्च्युअलबॉक्स बसवते, त्यात कापून लहान केलेलं विंडोज एक्सपी चालवते आणि बाहेरच्या सगळ्या ड्राइव्ह शेअर्ड फोल्डर म्हणून आत जोडते. फाइली कुलूपबंद करणारा मूळ प्रोग्रॅम होता ४९ किलोबाइटचा. त्याला लपवायला २८२ मेगाबाइटची अख्खी सिस्टीम आणलेली. बाहेरच्या अँटीव्हायरसला दिसे ते एवढंच की व्हर्च्युअलबॉक्स नावाचा सभ्य, सर्वमान्य प्रोग्रॅम काही फाइली बदलतो आहे. ज्या भिंतीने आपलं रक्षण व्हायचं तिच्या आडोशाला चोर बसला. डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. तिथे सी ड्राइव्ह आतल्या लिनक्सला आपोआप जोडलेली असते, कुणी मागितली नसली तरी.

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ या समजुतीवर मी कमी शब्द खर्च करणार आहे, कारण इंटरनेटला जोडलेले सर्व्हर, कॅमेरे आणि राउटर यांवर लिनक्ससाठीच लिहिलेले घातक प्रोग्रॅम कायम फिरत असतात, एवढं सांगितलं तरी ती कोसळते. डेस्कटॉपवर ते कमी आहेत, कारण तिथे गिऱ्हाईक कमी. शिवाय टॅली चालावं म्हणून लिनक्समध्ये वाइन बसवलं की विंडोजच्या ईएक्सई फाइली लिनक्समध्येही धावू लागतात. वाइन नेहमीच्या मांडणीत ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून लिनक्सची अख्खी फाइलरचना समोर ठेवतं. म्हणजे विंडोजच्या व्हायरसला लिनक्समधली तुमची कागदपत्रं आपण हौसेने दाखवली. मार्च २०२४ चं एक्सझेड प्रकरण याहून वरच्या पातळीचं. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत असणाऱ्या एका छोट्या लायब्ररीत कोणीतरी मोठ्या चिकाटीने, विश्वास कमावत, चोरदार बसवलं होतं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून खोदत गेलेल्या आंद्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे ते सापडलं. फ्रॉइंड तेव्हा नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये होते, हे लिनक्सच्या कट्टर भक्तांना मी मुद्दाम सांगतो.

आणि ब्राउझर तर दोन्हीकडे एकच. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या पानावर ओटीपी टाकला तर तो लिनक्समधून टाकला की विंडोजमधून, याने लुबाडणाऱ्याला काही फरक पडत नाही.

उरतं कुलूप. विंडोजचं बिटलॉकर आणि लिनक्सचं एलयूकेएस या एन्क्रिप्शनच्या सोयी हेच ड्युअल बूटमधलं खरं कुलूप. बंद असलेल्या सिस्टीमच्या फाइली मग दुसरीला नुसता गोंधळ म्हणून दिसतात. वाचता येत नाहीत, चोरता येत नाहीत. पुसता मात्र येतात. शिवाय बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत आधीच चालू असतं. लिनक्स बसवल्यावर बूटचा क्रम बदलतो, टीपीएमला संशय येतो आणि निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती कुठे आहे हे त्या क्षणी शोधायला लागणाऱ्यांची अवस्था फार वाईट होते. बहुधा ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते आणि त्या खात्याचा पासवर्ड आठवत नसतो.

पुस्तकाची रचना पाहून काही वाचक कुरकुरतील. पार्टिशन कशी पाडायची हे तिसऱ्या प्रकरणात येतं आणि पहिलं प्रकरण सबंध बॅकअपचं आहे. दोन्ही सिस्टीमांना वापरता यावी म्हणून आपण मधे एक डेटा पार्टिशन ठेवतो आणि रॅन्समवेअर विंडोजमधून आलं तर पहिल्यांदा तीच जाते. लिनक्स टवटवीत राहतं आणि त्यात उघडायला काही उरत नाही. त्यामुळे इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह बनवण्याआधी एक बाहेरची डिस्क आणा, कागदपत्रं आणि फोटो तिच्यावर उतरवा, दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा आणि केबल काढून डिस्क कपाटात ठेवा. रिकव्हरी की कागदावर लिहून त्याच कपाटात. एवढं झालं असेल तर दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करायला हरकत नाही.